घोंगड्याआड ऐकलेलं

मल्हारी, तुझ्या दहाव्याला तुझा मेव्हणा नीरेच्या काठावर दोन भोंगे घेऊन आला होता. प्रवचनासाठी. महाराजांनी तोंड उघडलं आणि भोंगा असा काही किंचाळला की बाभळीवरचे कावळे भुर्रकन उडाले. म्हणजे ज्यांची वाट बघायची तेच पसार! मी उठलो आणि वायरच उपटली. मेव्हणा म्हणाला, "आवो नामदेवराव, लोकांना ऐकू कसं जायचं?" मी म्हटलं, "न्हाय गेलं तरी चालंल. ज्याचा दहावा हाय त्याला असला आवाज जन्मात सोसला न्हाय." महाराज बिचारे साध्या आवाजात बोलले. थोड्या वेळानं कावळे परत आले आणि एक पहिल्याच झेपेत पिंडाला शिवला. बायका म्हणाल्या, मल्हारीची काही इच्छा मागं राहिली नाही.

सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. कावळ्याला तुझ्या इच्छा कळत असतील, माझं पाप त्याला काय कळणार? परवा तेरावाही झाला. तेव्हापासून दुकान बंद ठेवून बसलोय. कुणी शटर वाजवलं तर आतून ओरडतो, "आज न्हाय!" तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तीन वर्षं राहिलंय.

आपण दोघं बारामतीच्या आयटीआयमध्ये एका बाकावर. तू कळंबचा, धनगराचा; मी सणसरचा, माळ्याचा. तुझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, माझ्या डब्यात बाराही महिने वांगं. तू वायरमन झालास. मी सणसरला स्टँडसमोर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि मग डेक बांधायला लागलो. पुण्याहून जाड आवाजाचे वूफर, बारीक आवाजाचे ट्विटर आणायचे, सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यायची आणि पेटी घुमू नये म्हणून आतून जुन्या घोंगड्यांचे तुकडे ठोकायचे. ते तुकडे तूच आणून द्यायचास. लोकर आवाज खाते, बारीक आवाज तर आधी खाते, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. हातानं शिकलो.

माझं एकच म्हणणं असायचं. आवाज खिशाला परवडला पाहिजे. ऊस तोडणाऱ्यालाही घरी चांगलं गाणं ऐकता आलं पाहिजे. दुकानात कुणी विलायती सेटचं नाव काढलं की माझी जीभ सुटायची. "नावाचे पैसे देताय नावाचे! आवाज तोच!" तू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हसायचास. तुझ्या लग्नात मी माझ्या हातचा सेट आहेर दिला. तेव्हा तू अख्ख्या मांडवात सांगत फिरलास, "नाम्यानं बांधलाय, नाम्यानं." त्या दिवशी माझी छाती पेटीएवढी झाली होती. ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत कुठं होती?

तुझ्या आबांच्या ओव्या आपण टेप केल्या तो दिवस आठवतो का? आबांची मेंढरं डाळजला एका शेतात खतासाठी बसवली होती. आपण सकाळी सकाळी पोचलो. थंडी अशी की दात वाजत होते. आबा म्हणाले, "मशिनीपुढं गाऊ? मशिनीला काय कळतंय त्यातलं?" पण गायले. तुझा बाप गायला की बोलतोय का गातोय ते कळायचं नाही, मल्हारी. मी उकिडवा बसून माइक धरला होता. मध्येच तू मागून येऊन माझ्या अंगावर घोंगडं टाकलंस. मला वाटलं, तुझ्याच मनात आलं. बरं वाटलं होतं मला.

पुढं आबा गेले. तू नोकरीवर, मेंढरांमागं फिरणारं कुणी उरलं नाही. तू मेंढरं विकलीस. इथवर सगळे म्हणाले, ठीक आहे. आता मल्हारी बोअर घेईल, दोन खोल्या चढवील. आणि तू मुंबईला गेलास आणि त्या सगळ्या पैशाचा सेट घेऊन आलास. विलायती! एका माणसाला उचलेना असा काळा अॅम्प्लिफायर आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर. आणि वायर! अरे, तू वायरमन! गावभर वायरी ओढणारा माणूस, आणि स्पीकरसाठी अंगठ्याएवढी जाड वायर वेगळे पैसे मोजून आणलीस. कळंबला सगळीकडं एकच चर्चा, "मल्हारीनं मेंढरं इकली आन भोंगं आणलं." त्यात लाइटीचा हा खेळ. दिवसातून सहा तास गायब. तू पोलवर चढून गावाची लाइट आणायचास, घरी जाऊन सेट लावायचास, की परत गुल. लोक म्हणायचे, हा सेट लावण्यापुरता तरी लाइट टिकवतो, बरं आहे.

मी नाही हसलो. माझा सेट तू ओसरीवर काढलास, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. वहिनींनी त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या. मी दारातून ते बघितलं आणि चहा न घेता परत फिरलो. खरं सांगतो, पोटात दुखलं. बायको म्हणाली, "तुमचं काय जातंय? त्यांचा पैसा, त्यांची हौस." तिला काय सांगू काय जातंय ते!

तू दुकानात यायचास. दर वेळी तेच.

"नाम्या, एकदा येऊन बस की. ऐक तरी."

"मला ऐकायची काय गरज? मी आवाज बनवतो."

"बनवतोस रं. ऐकत न्हाईस."

मी सोल्डरची कांडी खाली ठेवली. "जा मग, ज्याला ऐकता येतंय त्याच्याकडं जा." आणि तू गेलास. दुसऱ्या दिवशी परत आलास, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, दोन कोबीची भजी घेऊन. तुझा हा स्वभाव मला तेव्हाही छळायचा. भांडण कसं पुरवून पुरवून करावं माणसानं. सहा महिने तू बोलावलंस, सहा महिने मी आलो नाही. का बोलावतोस ते एकदा तरी नीट सांगायचंस ना, मल्हारी! पण तू सांगणारा नव्हतास. तुला वाटायचं, समोरच्याला आपोआप कळावं.

मग एक दिवस वहिनी दुकानात आल्या. एकट्या. बाजाराची पिशवी पायाशी ठेवून उभ्याच राहिल्या. तुमची रेखा बारावी झाली होती, तिला पुण्यात नर्सिंगला जायचं होतं. तिथं राहायचा, खायचा खर्च कुठून आणायचा? वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी त्यांना एका शब्दानं बोलले न्हाय. बापाच्या जिवावरची मेंढरं हुती, त्यांनी काय बी करावं. पण पोरीचं वरीस जातंय. मी काल इचारलं, तर म्हणले, नाम्या यील, दोनी सेट ऐकंल. त्यानं म्हटलं फरक न्हाय, तर उद्या इकतो."

मी म्हटलं, "मग मी काय सांगू?"

त्यांनी पिशवी उचलली. "खरं काय ते सांगा. एवढंच."

एवढंच मागितलं होतं त्यांनी. त्यांना माझ्याकडून खोटं नको होतं. हे मी स्वतःला रोज सांगतो, म्हणजे त्यांच्या आडोशाला लपता येऊ नये.

रविवारी सकाळी मी कळंबला आलो. तू आतल्या खोलीत जाजम टाकून ठेवलं होतंस, लग्नाच्या बैठकीसारखं. मेव्हणा, तुझे दोन चुलतभाऊ, वहिनी, रेखा. ओसरीवरचा माझा सेट पुसून आत आणला होता. ठरलं असं की टेप एकच, कॅसेट एकच, आबांच्या ओव्यांची. वायर कधी ह्या सेटला लावायची, कधी त्या. मध्ये पडदा, म्हणजे कुठला वाजतोय ते दिसू नये. वायर बदलायला पडद्याआड मी. तुझा माझ्यावर एवढा विश्वास.

मेव्हण्यानं चादर धरली. मी म्हटलं, "चादरीतनं सेटचं दिवं दिसतील. वळखू येईल."

"मग काय लावू?"

खुंटीला आबांचं घोंगडं होतं. मी त्याच्याकडं बोट केलं. "ते लावा की. दुहेरी."

माझ्या तोंडातून गेलं ते. जाणूनबुजून गेलं. मी पेट्यांना आतून कशाचे तुकडे ठोकतो ते मला माहीत नव्हतं का? जाड घोंगडं, वर दुहेरी! पलीकडं बसलेल्याला दोन्ही सेट सारखेच ऐकू येणार, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखे. तू स्वतः ते खुंटीवरून काढलंस. दोन्ही हातांनी झटकलंस, नाकाला लावलंस क्षणभर, आणि दोरीवर टाकलंस. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, थांब. म्हटलं नाही.

आधी माझा सेट लावला. चांगला वाजला. माझाच हात, माझीच पेटी. आपला तो बाब्या. मग वायर तुझ्या सेटला लावली.

मल्हारी, आबा माझ्यासमोर येऊन बसले.

दुसरा शब्दच नाही. ओवीच्या आधी ते श्वास घ्यायचे तो ऐकू आला. मागं मेंढरांच्या घंटा. माझ्या सेटवर तिथं नुसती खरखर असायची, मी ती टेपची खरखर समजत होतो. घंटा होत्या त्या! लांबची वेगळी, जवळची वेगळी. एक कोकरू ओरडलं, त्याला आबांनी जिभेनं टकटक करून गप्प केलं. आणि दोन ओव्यांच्या मध्ये, जिथं मी शंभर वेळा कॅसेट ऐकून कधी काही ऐकलं नव्हतं, तिथं आबा तोंड वळवून हळूच म्हणाले, "मल्हारी, त्या नाम्याला घोंगडं दे आधी. हात कापत्यात पोराचं."

ह्यासाठी तू बोलावत होतास. सहा महिने. स्वतः न सांगता, मला माझ्या कानानं ऐकू यावं म्हणून. तुझ्या बापानं माझी काळजी केली होती ती मला पोचवायला तू मेंढरं विकून आणलेला सेट लावून बसला होतास, आणि मी तुझ्या बापाचं घोंगडं मध्ये टांगून तिथं उकिडवा बसलो होतो.

पलीकडून मेव्हण्याचा आवाज आला. "सारखंच की वो! आता कुठला हाय?" चुलतभाऊ म्हणाले, "काय फरक न्हाय." मग तुझा आवाज आला. "नाम्या, तू सांग. तुला आतनं काय आलं ऐकू?"

मी डोळे पुसले आणि बाहेर आलो. अजूनही वेळ होती. एक शब्द बोलायचा होता. पण समोर माझा तो सेट दिसला, कोपऱ्यांवर मिरच्यांचे डाग असलेला, आणि मला तू मांडवात सांगत फिरलेलं आठवलं. आयुष्यभर मी लोकांना सांगितलं होतं, फरक नसतो. आता सगळ्यांपुढं मी म्हणू, असतो?

"काय फरक न्हाय," मी म्हटलं.

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. मग म्हणालास, "बरं." आणि घोंगडं काढून घडी घालायला लागलास.

आठ दिवसांत सेट पुण्याच्या एका डॉक्टरकडं गेला. टेम्पोत चढवायला मीच हात लावला. रेखा नर्सिंगला गेली. माझा सेट परत आतल्या खोलीत आला. तू कधी चकार शब्द काढला नाहीस. उलट पहिल्यापेक्षा जास्त यायला लागलास दुकानात. तू जितका चांगला वागायचास तितका मी तुझ्यावर खेकसायचो. आठवतंय ना? एकदा तू विचारलंस, "नाम्या, तुझं काय बिनसलंय का?" मी म्हटलं, "तुला रोज च्या पाजून माझं दिवाळं निघालंय." तू पोट धरून हसलास.

तुला एक ठाऊक नाही. आबांच्या कॅसेटची कॉपी माझ्याकडं होती. तू दुकानातून घरी गेलास की मी शटर अर्धं ओढायचो आणि ती लावायचो. तीन वर्षं मी त्या एका वाक्यामागं लागलो होतो. ट्विटर बदलले. टेपचं हेड स्पिरिटनं पुसपुसून झिजवलं. नवी पेटी केली, लोकर काढली, परत घातली. बायको म्हणायची, गिऱ्हाइकाचं काम पडलंय आणि तुम्ही हे काय घेऊन बसता? घंटा एकदा आल्या, अगदी पुसट. आबांचं बोलणं नाही आलं. शेवटी टेपच तुटली. मला वाटलं होतं, हे जमलं की तुझ्याकडं घेऊन येईन आणि म्हणेन, ऐक, परवडणाऱ्या सेटवर आणलं बघ! म्हणजे खोटं बोलल्याचं कबूल करायला तोंड राहील. असला माझा हिशोब.

आणि भांडण माझं अजूनही मिटलेलं नाही, हे पण सांगून टाकतो. माणसानं आवाजावर एवढा पैसा घालू नये, हे मी आजही म्हणतो. घरी पोरगी शिकायची असताना तर नाहीच नाही. दवाखान्यात तुझं सलाईन रेखा बदलत होती, पांढऱ्या कपड्यात, हात जराही न कापता. ते बघून वाटलं, मल्हारी, तुझा सेट गेला ते बरंच झालं. आणि घरी जाताना वाटलं, ज्याच्या बापाचा श्वास त्या पेटीत होता त्याच्याकडून ती मी काढून घेतली. तुझंही बरोबर होतं आणि तुझं चुकलंही होतं. हे आता भांडू कुणाशी? माझ्याशी इतकी वर्षं भांडेल असा दुसरा माणूस मी जोडलाच नाही.

काविळीनं तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी रोज येत होतो. तू म्हणालास, "नाम्या, गप का बसलायस? बोल की कायतरी." मी ठरवून आलो होतो. त्या दिवशी बोलणारच होतो. आणि मी व्होल्टेजबद्दल बोललो. सणसरचा ट्रान्सफॉर्मर परत जळला म्हटलं. तू म्हणालास, "बरा झालो की बघतो." मी म्हटलं, "बघ लवकर." दुसऱ्या दिवशी यायला मला दुपार झाली, आणि तू थांबला नाहीस. पंचवीस वर्षं माझ्या दुकानात तास तास बसून राहिलेला माणूस, त्या दिवशीच तुला घाई झाली.

एवढं मी तुला सांगणार होतो आणि गप्प बसणार होतो. खोटं बोललो, माफ कर, संपलं. पण तेराव्याला पंगती उठल्यावर वहिनींनी मला मागच्या दारी बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "भावजी, एक सांगायचं हुतं. ह्यांनी सांगू नको म्हणलेलं, पण आता काय. त्या दिवशी तुमाला आतनं सगळं ऐकू आलेलं, व्हय ना? ह्यांनी तुमचं डोळं बघितलं. मला म्हणले, शालन, नाम्या स्वतःच्या कानाशी कधी खोटं बोलायचा न्हाय. आज माझ्या पोरीसाठी बोलला. मग मी सेट कसा ठेवू? त्याला कधी इचारू नको, लाजंल तो."

आणि त्या वाकल्या, मल्हारी. माझ्या पाया पडायला वाकल्या. रेखाला हाक मारली, तिलाही पडायला लावलं. "तुमच्यामुळं शिकली ही," म्हणाल्या. पोरीनं माझ्या पायाला हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. काय करू? तिथं काय सांगू? तिच्या बापानं जाताना माझ्याबद्दल एवढं चांगलं मागं ठेवलं, ते मी कुठल्या तोंडानं मोडू?

त्यांना मी कधी सांगणार नाही. तुला मात्र सांगतो, कारण तू एवढं एकदाच माझ्या बाबतीत चुकलास. मल्हारी, त्या सकाळी घोंगड्याआडून बाहेर येताना रेखा माझ्या मनात नव्हती. एवढीशीसुद्धा नव्हती. मी जळलो होतो रं.